लैंगिक संबंधानंतरची एचआयव्हीची जोखीम आणि चिंता

लैंगिक संबंधानंतरची एचआयव्हीची जोखीम आणि चिंता हा सार्वजनिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. असुरक्षित किंवा असुरक्षित वाटणाऱ्या शरीरसंबंधानंतर एचआयव्हीचा संसर्ग झाला असेल का, या प्रश्नाला दोन बाजू असतात. पहिली बाजू जोखमीची आहे. ती संबंधाचा प्रकार, जोडीदाराची एचआयव्ही स्थिती व उपचार, निरोधचा वापर आणि दोघांचे लैंगिक आरोग्य यांवर ठरते. दुसरी बाजू भीतीची आहे. ती बहुतेक वेळा अपराधभावना, बदनामीची धास्ती आणि अपुरी माहिती यांतून वाढते. या दोहोंचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. अत्यल्प जोखमीच्या घटनेनंतर एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने झोप गमावते, तर खरी जोखीम असलेली व्यक्ती अनेकदा निर्धास्त असते. म्हणून मनातील भीतीच्या तीव्रतेवरून संसर्गाचा अंदाज बांधता येत नाही. संसर्ग झाला की नाही हे योग्य वेळी केलेल्या रक्तचाचणीनेच ठरते.

जोखमीच्या घटनेनंतर दोन मुदती महत्त्वाच्या असतात. प्रतिबंधात्मक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि चाचणीचा निष्कर्ष अंतिम मानण्यासाठी चाचणीच्या प्रकारानुसार सुमारे ४५ ते ९० दिवस जावे लागतात.

## विषाणू आणि संसर्गाचे मार्ग

एचआयव्ही हा मानवी प्रतिकारशक्तीतील सीडी४ पेशींवर हल्ला करणारा विषाणू आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने तो १९८३ मध्ये वेगळा केला. या शोधासाठी दोघांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयव्ही आणि एड्स एकच नव्हेत. उपचार न घेतल्यास अनेक वर्षांनी प्रतिकारशक्ती खालावून जी अवस्था येते तिला एड्स म्हणतात.

विषाणू रक्त, वीर्य, वीर्यपूर्व स्राव, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. संसर्गासाठी यांपैकी एखादा द्रव पुरेशा विषाणूंसह दुसऱ्याच्या श्लेष्मल त्वचेपर्यंत, जखमेपर्यंत किंवा थेट रक्तापर्यंत पोहोचावा लागतो. शरीराबाहेर आल्यावर आणि द्रव वाळू लागल्यावर विषाणूची संसर्गक्षमता वेगाने घटते.

हस्तांदोलन, मिठी, गालावर किंवा ओठांवर चुंबन, एका ताटात जेवणे, सामाईक शौचालय, कपडे, घाम, अश्रू, लाळ आणि डासांचा चावा यांतून एचआयव्ही पसरत नाही. अखंड त्वचेवर वीर्य किंवा योनिस्राव लागल्याने, तसेच हाताने केलेल्या हस्तमैथुनाने संसर्ग होत नाही.

## जोखमीचे मोजमाप

### प्रत्येक संबंधामागील सरासरी

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जोडीदार एचआयव्हीबाधित आहे, तो उपचार घेत नाही आणि निरोध वापरलेला नाही, असे गृहीत धरून दर १०,००० प्रसंगांमागे संसर्गाची सरासरी शक्यता पुढीलप्रमाणे आढळली :

- गुदसंभोग, ग्रहण करणारी व्यक्ती : १३८
- गुदसंभोग, प्रवेश करणारी व्यक्ती : ११
- योनिसंभोग, स्त्री : ८
- योनिसंभोग, पुरुष : ४
- मुखमैथुन : अत्यल्प, निश्चित आकडा देता येत नाही
- नशेसाठी एकाच सुईचा सामाईक वापर : ६३
- बाधित रक्त चढवले जाणे : ९,२५०

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की जोडीदार बाधित आहे हे येथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ते सहसा ठाऊक नसते. समजा, ज्या समूहात १०० पैकी २ व्यक्ती बाधित व उपचाराविना आहेत, अशा समूहातील स्त्रीशी एका पुरुषाचा निरोधाविना एकदा योनिसंभोग झाला. तेव्हा त्याच्या संसर्गाची सरासरी शक्यता १०,००० त ४ च्या दोन टक्के, म्हणजे सुमारे सव्वा लाखात एक इतकी येते. दुसरी गोष्ट अशी की ही सरासरी आहे. विशिष्ट परिस्थितीत जोखीम तिच्या कित्येक पट असू शकते, आणि वारंवार होणाऱ्या संबंधांनी ती साचत जाते. त्यामुळे असा हिशेब धीर देण्यास उपयोगी असला तरी चाचणीची जागा तो घेऊ शकत नाही.

### जोखीम वाढवणारे घटक

- जोडीदाराचा विषाणूभार. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते. या काळात व्यक्तीला स्वतःच्या संसर्गाची कल्पना नसते आणि साध्या चाचणीतही तो अनेकदा दिसत नाही.
- इतर लैंगिक आजार. उपदंश (सिफिलिस), जननेंद्रियावरील नागीण (हर्पिस), परमा (गनोरिया) यांमुळे श्लेष्मल त्वचेला व्रण किंवा दाह होतो आणि विषाणूला प्रवेश सोपा होतो. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत जननेंद्रियावरील व्रण आणि नुकताच झालेला एचआयव्ही संसर्ग यांचा स्पष्ट संबंध दिसून आला.
- जखम व रक्तस्राव. जबरदस्ती, कोरडेपणा किंवा मासिक पाळीतील संबंध यांमुळे शक्यता वाढते.
- सुंता नसणे. आफ्रिकेतील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषाला योनिसंभोगातून होणाऱ्या संसर्गाची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पुण्यातील दवाखान्यांच्या माहितीवर आधारित, २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा कलही तसाच होता. हे संरक्षण अपुरे असते व ते जोडीदार स्त्रीला मिळत नाही.

### जोखीम घटवणारे घटक

निरोध प्रत्येक वेळी व सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरल्यास संसर्गाचे प्रमाण सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक घटते. उरलेली तूट मुख्यतः निरोध उशिरा चढवणे, तो फाटणे किंवा निसटणे यांची असते. संपूर्ण संबंधात निरोध शाबूत राहिला असेल तर त्या प्रसंगाची जोखीम नगण्य मानली जाते.

त्याहून मोठा बदल औषधोपचारांनी घडवला. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी झाली होती. त्यांतील एक जोडीदार बाधित व दुसरा निरोगी होता. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) हे या चाचणीचे एक केंद्र होते. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिल्यास निरोगी जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हा तिचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. युरोपातील 'पार्टनर' अभ्यासांत (२०१६ व २०१९) बाधित जोडीदाराचा विषाणूभार औषधांनी दबलेला असलेल्या जोडप्यांची पाहणी झाली. निरोधाविना झालेल्या हजारो संबंधांत त्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झाल्याचे आढळले नाही. नियमित औषधे घेऊन ज्याचा विषाणूभार चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला आहे, त्याच्याकडून लैंगिक मार्गाने एचआयव्ही पसरत नाही, हे तत्त्व यांतून सर्वमान्य झाले. त्यामुळे निदान झालेल्या व उपचार घेणाऱ्या जोडीदारापेक्षा, ज्याने कधीच चाचणी केलेली नाही अशा जोडीदाराकडून असणारी जोखीम अधिक असते.

## पहिले ७२ तास : संपर्कोत्तर प्रतिबंध

विषाणू शरीरात शिरल्यावर तो लगेच सर्वत्र पसरत नाही. प्रथम तो शिरकावाच्या जागेजवळील पेशींत व नंतर लसिका ग्रंथींत वाढतो. याच अवधीत विषाणूरोधक औषधे दिल्यास संसर्ग पक्का होण्याआधी रोखता येतो. या उपायाला संपर्कोत्तर प्रतिबंध किंवा पीईपी म्हणतात.

औषधे शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांत सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर ती सुरू करण्याची शिफारस केली जात नाही. उपचार २८ दिवसांचा असून भारतात त्यासाठी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकत्र असलेली गोळी दररोज एकदा दिली जाते. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. पहिली मात्रा रक्ततपासणीच्या अहवालाची वाट न पाहता देता येते.

उपचारापूर्वी किंवा सुरुवातीलाच एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासले जाते. टेनोफोविर व लॅमिव्ह्युडिन ही औषधे हिपॅटायटिस-बीच्या विषाणूवरही काम करतात. त्यामुळे तो आजार आधीपासून असल्यास २८ दिवसांनी औषध थांबवताना देखरेख आवश्यक असते. आम्लपित्तावरील औषधे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्रॅविरचे शोषण कमी करतात. म्हणून त्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे लागते.

शासकीय कार्यक्रमात ही सोय प्रामुख्याने कामावर सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचारग्रस्त व्यक्ती यांच्यासाठी आखलेली आहे. अत्याचारग्रस्त व्यक्तीला शासकीय व खासगी अशा सर्व रुग्णालयांनी विनामूल्य प्राथमिक उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये ही तरतूद असून पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-क मध्ये होती. इतर प्रसंगी जोखीम पाहून डॉक्टर निर्णय घेतात. ज्या घटनेत संसर्गाचा मार्गच नाही, तेथे केवळ भीतीपोटी औषधे दिली जात नाहीत.

याच तीन दिवसांत इतर बाबींकडेही लक्ष द्यावे लागते. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर घेतली जाईल तितकी उपयोगी ठरते. पूर्वी हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली नसेल तर ती सुरू करता येते. उपदंश व परमा यांची शक्यता बहुधा एचआयव्हीपेक्षा अधिक असते आणि दोन्ही आजार औषधांनी बरे होतात. तरीही एचआयव्हीच्या धास्तीत त्यांची तपासणी हमखास राहून जाते.

## लक्षणांवरून निदान का करता येत नाही

संसर्ग झालेल्या अनेकांना दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, सांधेदुखी, रात्री घाम येणे, मानेतील किंवा काखेतील गाठी सुजणे अशी लक्षणे दिसतात. पुण्यातील नव्याने बाधित रुग्णांच्या अभ्यासातही ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम ही लक्षणे नोंदली गेली. मात्र अनेकांना कोणतेच लक्षण जाणवत नाही, आणि हीच लक्षणे फ्लू, डेंग्यू, चिकनगुनिया किंवा साध्या सर्दी-पडशातही असतात.

चिंता स्वतःही शारीरिक लक्षणे निर्माण करते. तोंड कोरडे पडणे, जुलाब, छातीत धडधड, घाम, भूक मंदावणे, वजन घटणे, झोप उडणे ही सारी तीव्र चिंतेची लक्षणे आहेत. एड्सविषयी जे ऐकलेले असते त्याच्याशी ती नेमकी जुळतात आणि संशय दृढ होतो. मानेतील सामान्य लसिका ग्रंथी दिवसातून अनेकदा चाचपल्याने दुखू लागतात व त्या सुजल्याचा समज होतो. म्हणून लक्षण दिसणे हा संसर्गाचा पुरावा नाही, आणि ते न दिसणे ही निर्धोकपणाची हमी नाही.

## चाचणी आणि विंडो पिरियड

संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतच्या अवधीला विंडो पिरियड (गवाक्ष काळ) म्हणतात. चाचणी रक्तात नेमके काय शोधते यावर तो अवलंबून असतो :

- न्यूक्लिक आम्ल चाचणी विषाणूची जनुकीय सामग्री शोधते. संसर्ग साधारण १० ते ३३ दिवसांत दिसतो. ती महाग असून नित्याच्या तपासणीसाठी वापरली जात नाही.
- प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी (चौथ्या पिढीची चाचणी) विषाणूचे पी२४ प्रथिन आणि शरीराने बनवलेली प्रतिपिंडे दोन्ही शोधते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केल्यास साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दिसतो.
- प्रतिपिंड चाचणी केवळ प्रतिपिंडे शोधते. बोटाला टोचून केलेल्या जलद चाचण्या बहुधा या प्रकारात मोडतात. त्यांत साधारण २३ ते ९० दिवसांत संसर्ग दिसतो.

यांतील मोठी संख्या हीच निष्कर्षाची मर्यादा समजावी लागते. घटनेनंतर चौथ्या दिवशी केलेली चाचणी त्या घटनेबद्दल काहीच सांगत नाही. व्यक्ती आधीपासून बाधित होती का, एवढेच तिच्यातून कळते. याउलट ४५ दिवसांनंतर प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी किंवा ९० दिवसांनंतरची प्रतिपिंड चाचणी नकारात्मक आल्यास, दरम्यान नवी जोखीम घडली नसेल तर, ती अंतिम मानता येते. पीईपी घेतली असल्यास हे दिवस शेवटच्या गोळीपासून मोजले जातात.

सकारात्मक निष्कर्षही एका चाचणीवर दिला जात नाही. भारतातील पद्धतीनुसार पहिल्या चाचणीत प्रतिक्रिया दिसली तर वेगळ्या तत्त्वावरील आणखी दोन चाचण्या करून, तिन्ही जुळल्यावरच व्यक्ती बाधित असल्याचे सांगितले जाते. त्यामुळे खासगी प्रयोगशाळेत किंवा घरी वापरायच्या संचावर एकदा सकारात्मक दिसलेला निकाल शासकीय केंद्रात पडताळून घेणे आवश्यक असते.

जोखमीनंतरच्या प्रतीक्षेच्या काळात निरोध वापरणे आणि रक्तदान न करणे अपेक्षित असते. केवळ चाचणी व्हावी म्हणून केलेले रक्तदान रक्त घेणाऱ्या रुग्णाला धोक्यात घालते, कारण रक्तपेढीतील तपासण्यांनाही विंडो पिरियडची मर्यादा असते.

## चिंतेचे स्वरूप

घटनेनंतर काही दिवस अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. ती अस्वस्थता व्यक्तीला चाचणीकडे नेते आणि निष्कर्ष हाती आल्यावर ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र ती ओसरत नाही. पुरेशा मुदतीनंतरचा नकारात्मक अहवाल काही दिवस दिलासा देतो. नंतर संच सदोष असेल, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, आपले शरीर उशिरा प्रतिपिंडे बनवत असेल, अशा शंका उभ्या राहतात आणि व्यक्ती पुन्हा प्रयोगशाळा गाठते. प्रत्येक नव्या चाचणीने शंका शमण्याऐवजी शंकेची सवय पक्की होते.

या चक्राच्या मुळाशी विषाणूपेक्षा अपराधभावना असल्याचे अनेकदा दिसते. विवाहबाह्य संबंध, वेश्यागमन, समलिंगी संबंध किंवा विवाहापूर्वीचा संबंध समाजाने निषिद्ध मानलेला असतो, आणि 'केल्याची शिक्षा मिळणारच' अशी धारणा मनात रुजलेली असते. मग वैद्यकीय प्रश्नाला पापपुण्याच्या निवाड्याचे रूप येते. रोगाची शक्यता किती, हा विचार मागे पडून आपण शिक्षेस पात्र आहोत ही खात्री पुढे येते. त्यामुळेच निरोध वापरून झालेल्या एका विवाहबाह्य संबंधानंतर जी घबराट होते ती घरातील निरोधाविना असलेल्या वर्षानुवर्षांच्या संबंधांबाबत होत नाही, मग जोडीदाराची चाचणी कधी झालेली असो वा नसो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) रोगभयाचा समावेश रोगभ्रमाच्या विकारात होतो. अकराव्या आवृत्तीत आरोग्यचिंतेचा विकार मंत्रचळाशी (ओसीडी) संबंधित विकारांच्या गटात ठेवला आहे. वारंवार चाचण्या, शरीर सतत न्याहाळणे, तीच माहिती पुनःपुन्हा शोधणे, डॉक्टरांकडून तेच आश्वासन मागत राहणे आणि कुटुंबीयांचा स्पर्श टाळणे ही त्याची ठळक चिन्हे आहेत. बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) आणि गरजेनुसार चिंता व मंत्रचळावरील औषधे यांचा त्यावर उपयोग होतो. अंतिम मुदतीनंतरची चाचणी पुन्हा न करण्याचे ठरवणे हा अशा उपचाराचाच एक भाग असतो.

जोखीम आणि भीती वेगळ्या करण्याचे काम समुपदेशक करतो. कोणता संबंध झाला, केव्हा झाला, निरोध होता का, जोडीदाराविषयी काय माहीत आहे, हे त्याचे प्रश्न असतात. संबंध का ठेवला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. तो विचारला गेल्यास व्यक्ती घटना लपवते आणि जोखमीचा अंदाज चुकतो. भीतीपोटी आत्महत्येचे विचार येत असल्यास अहवालाची वाट न पाहता मदत घेणे आवश्यक असते. त्यासाठी केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

## महाराष्ट्र आणि गोव्यातील पार्श्वभूमी

भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली उघडकीस आले. त्या चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील होत्या. त्यानंतरच्या काळात भीती हेच जनजागृतीचे मुख्य साधन राहिले. १९८९ मध्ये गोव्यात रक्तदानानंतर बाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार सक्तीने अलग ठेवण्यात आले. त्याविरुद्ध त्यांची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली, परंतु न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. चाचणीची भीती ही समाजाकडून मिळणाऱ्या वागणुकीची भीतीही होती, हे या प्रकरणातून दिसते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) १९९२ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यातील भोसरी येथे 'नारी' संस्था सुरू झाली. सांगलीत मीना सेशू यांनी स्थापन केलेल्या 'संग्राम' संस्थेने आणि १९९६ पासून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने निरोधवाटपाचे काम वेश्या स्त्रियांच्याच हाती दिले. मुंबईत २००२-०३ च्या सुमारास गाजलेल्या 'बलबीर पाशा' या जाहिरातमोहिमेने, ठरलेली जोडीदार म्हणजे सुरक्षितता, या पुरुषांमधील समजुतीवर बोट ठेवले.

२०२१ च्या शासकीय अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख बाधित व्यक्ती होत्या आणि प्रौढांमधील प्रमाण सुमारे ०.२ टक्के होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, सुमारे ३.९ लाख व्यक्ती महाराष्ट्रात होत्या.

### जोडीदाराची जोखीम

भीती एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, याचा ठळक पुरावा पुण्यातून मिळाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. आपल्याला एचआयव्हीची जोखीम आहे असे वाटण्याचे कारणच त्यांच्यापाशी नव्हते.

घटनेनंतर स्वतःच्या चिंतेत बुडालेली व्यक्ती अनेकदा हीच बाजू विसरते. विंडो पिरियड संपेपर्यंत जोडीदाराशी निरोधाविना संबंध न ठेवणे हे त्या काळातील सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य ठरते. पत्नी गरोदर असल्यास किंवा बाळाला अंगावर पाजत असल्यास त्याचे महत्त्व आणखी वाढते, कारण या काळात आईला नव्याने संसर्ग झाल्यास तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता मोठी असते.

## जिंतूर आणि परभणी परिसरात

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण परभणी शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे, तसेच बांधकाम व कारखान्यांतील कामांसाठी पुण्या-मुंबईकडे स्थलांतर होते. राष्ट्रीय कार्यक्रमात स्थलांतरित कामगार व मालमोटारचालक यांच्यासाठी प्रतिबंधाचे स्वतंत्र उपक्रम राबवले जातात.

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत (आयसीटीसी) चाचणी आणि समुपदेशन विनामूल्य मिळते. लैंगिक आजारांची तपासणी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये होते. विषाणूरोधक औषधे एआरटी केंद्रातून मिळतात. परभणी जिल्ह्यातील असे केंद्र जिल्हा रुग्णालयात आहे. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यातील विलंब ७२ तासांच्या मुदतीत महत्त्वाचा ठरतो. सोमवारची वाट पाहण्यात ही मुदत संपू शकते, म्हणून सुटीच्या दिवशी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाणे योग्य ठरते. जवळचे केंद्र कोठे आहे, याची माहिती नाकोच्या १०९७ या विनामूल्य क्रमांकावर मिळते.

लहान गावात रुग्णालयातील कर्मचारी, औषध दुकानदार, रांगेतील माणसे ओळखीची असतात. त्यामुळे चाचणी लांबणीवर टाकली जाते, किंवा ओळख नसलेल्या शहरात जाऊन केली जाते. दुसऱ्या जिल्ह्यातील शासकीय केंद्रात चाचणी करून घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

## कायदा आणि गोपनीयता

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. चाचणीचा निष्कर्ष गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. नोकरी, शिक्षण, घर किंवा उपचार देताना बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई आहे. त्याआधी १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कामास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारणे घटनाबाह्य ठरवले होते.

एड्स बरा करण्याचा दावा करून औषध विकण्यासही कायद्याची मनाई आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची 'जे'मध्ये ज्या आजारांबाबत असा दावा करता येत नाही त्यांची यादी असून तीत एड्सचा समावेश आहे. घाबरलेल्या व्यक्ती अशा जाहिरातींना लवकर बळी पडतात आणि त्यात पैशांबरोबर पीईपीची मुदतही निघून जाते.

## चाचणी सकारात्मक आल्यास

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत विषाणूरोधक औषधे विनामूल्य दिली जाऊ लागली. सुरुवातीला ती ठरावीक पातळीखाली प्रतिकारशक्ती गेल्यावरच मिळत. २०१७ पासून निदान होताच, सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. वेळेत उपचार सुरू करून नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीचे आयुर्मान इतरांच्या जवळपास असते. तिला विवाह करता येतो, आणि योग्य उपचारांखाली एचआयव्हीमुक्त अपत्यही होऊ शकते. लवकर झालेल्या निदानाने स्वतःचे आरोग्य टिकते आणि जोडीदारालाही संरक्षण मिळते.

## हे सुद्धा पहा

- एचआयव्ही
- एड्स
- लैंगिक संक्रमणातून होणारे आजार
- निरोध
- मंत्रचळ
- परभणी जिल्हा